बेचाळीसशात विमान कुठवर जातं

मित्रांनो, माझ्यावरून पैज लागली तेव्हा मी घड्याळांच्या बाद झालेल्या सेलच्या डब्यात पालथा पडलो होतो.

मी एक जुनं गिफ्टकार्ड आहे, विमान कंपनीचं. आज माझ्यात शिल्लक शून्य. पाठीवर ओरखडे, एका कोपऱ्यावर चक्क दातांच्या खुणा. मला पाहिलंत तर म्हणाल, टाका हे कचऱ्यात. म्हणा खुशाल. असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. मला चोरून रंग फासणारा मात्र एकच भेटला, आणि तो पुढे भर बाजारात तासभर पुतळा होऊन उभा राहिला.

पैज लागली ती दोन दुकानांच्या मधल्या पायरीवर. उजवीकडे घड्याळजींचं दुकान, डावीकडे मावशीचं शिवणकामाचं. सगळा रस्ता तिला मावशीच म्हणायचा, घड्याळजीसुद्धा, जरी दोघांचे केस एकदमच पांढरे झाले होते. समोरचा बेकरीवाला रिकामा ट्रे मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. मावशीने नुकताच फोन ठेवला होता.

"धाकटी बहीण चालली," ती म्हणाली. "लेकाकडे, परदेशात. पुढच्या महिन्याच्या अखेरीला. कायमची."

"मग भेटून या की," बेकरीवाला म्हणाला.

"कशी? अठरा तास बस. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून कंबर अशी झालीय की दोन तास बसले की उठवायला माणूस लागतो. नऊ वर्षं झाली आम्हाला एकमेकींचं तोंड बघून. आता फोनवरच म्हातारं व्हायचं."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. हे चिन्ह बरं नसायचं. "विमान," ते म्हणाले. "दीड तास. मी नाही का लेकीकडे जाऊन आलो? गेलो, आलो. चहा निवायच्या आत."

"झालं यांचं सुरू," बेकरीवाला म्हणाला. "वर्षभर तोच चहा निवतोय."

"तुम्ही उडते आहात, घड्याळजी," मावशी म्हणाली. "आम्हाला कोण तिकीट देतंय?"

"दिलं तरी तुम्ही जाणार नाही. लिहून देतो. तिकिटाच्या दुकानाच्या दारापर्यंत जाल आणि तिथून माघारी फिराल."

"देऊन तर बघा."

आणि मग, मित्रांनो, त्या भल्या माणसाने आत जाऊन डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं.

इथे जरा थांबून माझा मागचा जन्म सांगायला हवा. प्लास्टिकच्या एका मोठ्या तावावर आम्ही चोवीस भावंडं एकदम छापली गेलो. यंत्राने आम्हाला कापलं, कोपरे गोल केले, पाठीवरच्या गुप्त आकड्यांवर रुपेरी पट्टी चिकटवली. माझ्यात पंधरा हजार भरले गेले. मला विकत घेतलं एका मोठ्या साहेबाने. त्याच्या वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ चार दुकानांनी परत पाठवलं होतं, ते घड्याळजींनी तीन दिवसांत चालू करून दिलं. साहेब इतका खूश झाला की मजुरी देऊन वर मलाही देऊन गेला. किती कौतुक झालं तेव्हा माझं. काचेच्या कपाटात, सोनेरी घड्याळांच्या मध्ये उभं केलं होतं मला.

मग घड्याळजी लेकीकडे गेले. विमानात मी त्यांच्या वरच्या खिशात होतो, त्यामुळे त्यांचं काळीज मी फार जवळून ऐकलं आहे. सुटलेल्या अलार्मसारखं वाजत होतं. सगळा वेळ डोळे मिटलेले. शेजारच्या अनोळखी बाईंचा दंड त्यांनी असा धरला होता की उतरताना त्या बाई दंड चोळत गेल्या. येताना ते बसने आले, वीस तास. विमानाने आलो असं त्यांनी रस्त्याला सांगितलं आणि मला डब्यात टाकलं, म्हणजे पुरावा डोळ्यासमोर नको. उरलेल्या शिलकीसकट मी वर्षभर मेलेल्या सेलच्या सोबतीला पडून राहिलो. कामातून गेलेल्यांत ठेवलं की आपणही कामातून गेलो, असं वाटायला लागतं. मला वाटलं नाही. माझ्यात अजून बेचाळीसशे होते.

तर घड्याळजींनी मला बाहेर काढलं खरं, पण माझी पट्टी खरवडलेली. असं कार्ड द्यायचं कसं? त्यांनी डायलचे आकडे रंगवायचा रुपेरी रंग घेतला, एका केसाचा ब्रश घेतला, आणि माझी पाठ अशी रंगवली की माझ्या भावंडांनाही कळलं नसतं. मूळ पाकीट जपलेलं होतंच, त्यावर मोठ्या अक्षरांत पंधरा हजार. रंग वाळेपर्यंत फुंकर मारली आणि हसत बाहेर आले. त्यांच्या मनात काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच वाटत होतं की मावशी तिकिटाच्या खिडकीपर्यंतच जाणार नाही, मग आत किती आहेत हे कळायचा प्रश्नच कुठे येतो? भित्र्या माणसाला सगळं जग आपल्याइतकंच भित्रं वाटतं.

"हे घ्या. भेट," ते म्हणाले. "धाकटी जायच्या आत विमानात बसून दाखवायचं. अट एकच. यावरच जायचं, पदरचा एक पैसा घालायचा नाही."

"आणि हरलात तर?"

"हरेल त्याने तुमच्या दुकानाच्या काचेत पुतळा होऊन उभं राहायचं. बाजाराच्या दिवशी, चार ते पाच. जिंकणारा जे घालेल ते घालून. हलायचं नाही, बोलायचं नाही. तुमचे दोन्ही हात मी मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळांनी भरणार आहे, मावशी. आत्ताच सांगून ठेवतो."

"माझा पुतळा तसाही एका हाताचाच आहे," मावशी म्हणाली. "त्याला सुट्टी मिळेल. बेकरीवाले, ऐकलंत ना सगळं?"

"कान आहेत मला," बेकरीवाला म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मावशीने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि मला घेऊन तिकिटांच्या दुकानात गेली. काउंटरमागे एक तरुण पोरगी, मागे पाचसात माणसांची रांग. मावशीने अंगठ्याच्या नखाने माझी पाठ खरवडली. खरी पट्टी भुगा होऊन निघते, मित्रांनो. रंग निघाला तो सालपटासारखा. मावशीने ते सालपट उजेडात धरलं.

"हे रफू आहे," ती हळूच म्हणाली. "नजर लागावी असं केलंय. पण रफूच."

पोरीने आकडे घातले, पडद्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला जायचंय तिथलं तिकीट शहाण्णवशेचं आहे. यात बेचाळीसशेच आहेत. कोणीतरी वापरून दिलंय तुम्हाला हे."

रांगेतला एक जण हसला. "उष्टं दिलं की हो."

उष्टं. ऐकलंत? मी उष्टा. एका माणसाने एकदा वापरलं म्हणून. मग बसची सीट रोज उष्टी, शाळेचा बाक उष्टा, वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक उष्टं. तिथे कोणी नाक मुरडत नाही. मी मात्र पाकिटात शिरलो की नवाकोरा असायला हवा. मी पंधरा नव्हतो, कबूल. पण मी शून्यही नव्हतो, आणि माझ्यातल्या बेचाळीसशाला हसायचा हक्क त्या माणसाला कोणी दिला नव्हता.

मावशी ते सालपट बोटांत फिरवत होती. पदरचे घालावेत तर अट मोडली असती, आणि मोडली असती तरी पदरात होतं काय? गेल्याच महिन्यात शिवणाचं नवं यंत्र घेऊन ती मोकळी झाली होती. मला वाटलं, आता ही मला तिथल्या कचऱ्याच्या बादलीत टाकते. बादली माझ्या बरोब्बर खाली होती.

"किती वेळा वापरलंय?" तिने विचारलं.

"एकदाच. जाण्याचं एक तिकीट."

"आणि येण्याचं?"

"येण्याचं काढलेलंच नाही."

मावशीच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. तोंडात टाचण्या धरून हसायची तिला सवय आहे, म्हणून ती नेहमी तेवढंच हसते. "बरं," ती म्हणाली. "आता मला सांग, बेचाळीसशात विमान कुठवर जातं?"

पोरगी बघतच राहिली. "असं कोणी विचारत नाही, मावशी. कुठे जायचं ते सांगतात, मग मी भाडं सांगते."

"आमच्याकडे कापड कमी घेऊन येतात ना, तेव्हा आम्ही असंच विचारतो. एवढ्यात काय बसतं? अख्खा झगा नाही बसला तर झबलं तरी बसतं. बघ, बाळ. धाकटीच्या दिशेने बघ फक्त."

पोरीने बघितलं. मागची रांग कुरकुरली, तिने लक्ष दिलं नाही. "अर्ध्या वाटेवर एक शहर आहे. महिनाअखेरच्या आदल्या आठवड्यात, सकाळचं विमान. अडतीसशे नव्वद. पण तिथे तुमचं कोणी आहे का?"

मावशीने काउंटरवरूनच फोन लावला. "धाकटे, तू अर्ध्यावर ये."

"अर्ध्यावर काय आहे?" पलीकडचा आवाज सगळ्या रांगेला ऐकू आला.

"विमानतळ आहे. बाकडी असतील."

पलीकडे पेन शोधल्याची खडबड झाली. मग प्रश्न आला, "किती वाजता?"

हसणारा माणूस तोवर आपल्या चपलांकडे बघायला लागला होता.

विमानतळावरच्या तपासणीत मावशीच्या अंगावर चौदा टाचण्या सापडल्या. दर दोन मिनिटांनी यंत्र ओरडायचं आणि ती कुठूनतरी आणखी एक काढून द्यायची. तपासणारी बाई म्हणाली, "हात वर करा." हात वर, पर्स त्या पट्ट्यावर गेलेली, मग मला कुठे ठेवणार? तिने मला दातांत धरलं. या खुणा त्या. पदक आहे ते माझं.

विमान उचललं तेव्हा मावशीने डोळे मिटले नाहीत. खिडकीला नाक लावून बसली. एकदाच मागे वळली ती हवाईसुंदरीला सांगायला, की पुढच्या सीटच्या कव्हरची शिवण सुटत चालली आहे आणि तपासणीत सुई ठेवून घेतली नसती तर आत्ता घालून दिली असती.

धाकटी सकाळपासून येऊन बसली होती. आठ तास बसने आली होती ती. दोघी चार तास एका लोखंडी बाकड्यावर बसल्या. पहिला अर्धा तास भांडणात गेला, वाळली कोण यावर. मग मावशीने धाकटीच्या ब्लाउजची बाही चिमटीत धरली. "हे कोणी शिवलं? हात वर होत नसेल तुझा."

"नाही होत."

"नऊ वर्षं असंच घालतेस?"

"तू नव्हतीस ना," धाकटी म्हणाली.

मावशीने पर्स उपसली, पण सुई होती कुठे? तेव्हा तिने मलाच बाहेर काढलं. माझ्या कडेने बाहीची आतली शिवण एकेक टाका उसवत नेली, दोन बोटं सैल सोडली. उतरणीला लागलेली दोन माणसं, एक बाही, आणि मध्ये मी. मित्रांनो, पंधरा हजारांचा होतो तेव्हा काचेच्या कपाटात उभा होतो. एवढं महत्त्वाचं काम मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

परतीला ती बसनेच आली. कमरेला स्वतः शिवलेली उशी, मध्ये एका दिवसाचा मुक्काम. चार दिवस तिला वाकता आलं नाही. पण पाचव्या दिवशी बाजार होता.

बेकरीवाल्याने विमानाच्या तिकिटाचा तुकडा दोनदा वाचला आणि निकाल दिला. घड्याळजींनी माझी सोललेली पाठ पाहिली, आणि चपला काढून काचेत चढले. मावशीने त्यांना अर्धवट बेतलेला, हिरव्या फुलांचा झगा चढवला, एक बाही लावलेली, एक नाही. गळ्यात मापाची टेप. एका हाताचा पुतळा बाहेर रस्त्यावर ठेवला, त्यालाही बघता यावं म्हणून. हळूहळू सगळा बाजार गोळा झाला. भाजीवाल्या, रिक्षावाले, शाळा सुटलेली पोरं.

"मावशी, या पुतळ्याला मिशी कशी?" कोणीतरी विचारलं.

"नवीन माल आहे," मावशी म्हणाली. "परत घेत नाहीत."

मग ती जवळ गेली आणि मला झग्याच्या छातीवर टाचलं, किमतीची चिठ्ठी टाचतात तसं.

"भेट दिलेली वस्तू परत देते आहे असं समजू नका," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मीही भेटच देते आहे. यात तीनशे दहा उरलेत. आणि मी रंग फासलेला नाही, सांगून देते आहे, उरलेले आहेत म्हणून. तुमचं येतानाचं तिकीट काढायचं राहिलंय ना, घड्याळजी? त्यात घाला."

बेकरीवाल्याने आधी मावशीकडे पाहिलं, मग काचेकडे. "म्हणजे हे येताना..."

"बसने," मावशी म्हणाली.

घड्याळजींचं तोंड उघडलं.

"पुतळे बोलत नाहीत," मावशी म्हणाली, आणि ते मिटलं.

ते तीनशे दहा पुढे खरंच त्यांच्या तिकिटात गेले, जाऊन येऊन, आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याचा दंड शाबूत राहिला. म्हणून आज मी रिकामा आहे आणि ताठ मानेने रिकामा आहे. तुमच्याही घरी, खणात, डब्यात माझ्यासारखं कोणीतरी अर्धं उरून पडलं असेल. त्याला काढा, त्यात किती आहे ते बघा, आणि दुसऱ्याला द्यायचं तर तोंडाने सांगून द्या की एवढं आहे. लाज झाकायला रंग लावू नका. आम्हाला लाज वाटत नाही, ती तुमची असते.

तर काचेत घड्याळजी उभे होते. तिथून त्यांना आपल्याच दुकानातलं मोठं लंबकाचं घड्याळ समोरच्या बेकरीच्या आरशात दिसत होतं, आणि सगळा धीर त्यांनी त्याच्यावर ठेवला होता. पाचाला वीस मिनिटं कमी असताना बेकरीवाला त्यांच्या दुकानात शिरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पिठाच्या बोटाने लंबक थांबवला.

घड्याळजींनी ते आरशात पाहिलं. आता त्या घड्याळात पाच वाजणारच नव्हते. बेकरीवाला सोडला तर अख्ख्या बाजारात घड्याळ बंद पडलंय हे कळणारा तो एकच माणूस होता. माझ्याखाली त्यांची छाती जोरजोरात वरखाली व्हायला लागली, आणि त्यांना बोलायची परवानगी नव्हती.