'लीव्ह'चा खण

आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे. हातात घेतलेल्या शब्दाचा खण बंद केल्याशिवाय रजा नाही. लाकडी खण, त्यात त्या शब्दाची सगळी कार्डं. अर्धवट खण मागून येणाऱ्याला कळत नाही, म्हणून म्हणे हा नियम. केला साहेबांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी. त्यांच्याकडे स्वतःचा खणच नाही.

तीन वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा माझ्या हातात 'कीप' होता. चारच कार्डं राहिली होती, ती संपवून निघालो. पोचलो तेव्हा ताई आईची गादी गुंडाळत होती. म्हणाली, "संपला का रे तुझा शब्द?"

या खेपेला बाबा. आणि हातात 'लीव्ह'.

सकाळी ताईचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या. सारखे दाराकडे बघतात, तुझं नाव घेतात. येतोयस, की कार्ड पाठवतोस?"

साहेबांसमोर उभा राहिलो.

"सोडून जाण्याचा शब्द घेऊन बसलायस, आणि तोच सोडून जातोस? लोक हसतील," म्हणत ते स्वतःच हसले. "किती राहिलीत?"

"साठ."

"दोन दिवसांचं काम. म्हातारी माणसं चिवट असतात रे. थांबतील."

थोबाडात द्यावीशी वाटली. आणि मी केलं काय? मुकाट्यानं जागेवर जाऊन बसलो. नववीत शाळा सुटलेला, रद्दी बांधता बांधता इंग्रजी शिकलेला माणूस मी. कोशात नाव छापून येईल या एका हावेपायी अकरा वर्षं मान खाली घातली. पहिलं कार्ड घेतलं, ते शब्दाच्या मुळाचं, व्युत्पत्तीचं.

शब्दाच्या जुन्या अर्थात जाणं नव्हतंच. मागे राहू देणं, एवढंच होतं. जाणाऱ्याचा नव्हे, मागे उरलेल्याचा शब्द. निघून जाण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. आणि रजा या अर्थाचा 'लीव्ह' तर वेगळ्याच घराण्यातला. त्याचं नातं माया-आवडीच्या शब्दांशी. साहेबांच्या परवानगीत माया! मी ते कार्ड तीनदा खोडून लिहिलं. अक्षर सुंदर यावं म्हणून. घड्याळात बघितलं तर दीड वाजला होता.

तेव्हा कुठे लाज वाटली. अख्खा खण ओढून काढला आणि नेऊन साहेबांच्या टेबलावर आदळला.

"आता तुम्ही बंद करा."

"यादीत नाव येणार नाही तुझं."

"नका घालू."

बसनं तीन तास लागले. ताईनं दार उघडलं आणि बाजूला झाली. समोरच बाबांची खाट. ते दाराकडेच बघत होते. मी जवळ जाऊन हात धरला. "बाबा, आलोय मी." त्यांनी मान थोडी वाकडी केली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले. त्यांच्या नजरेच्या वाटेत मी येत होतो.

"दुपारपर्यंत ओळखत होते सगळ्यांना," ताई म्हणाली. "एक-दीडपर्यंत."

त्या वेळी मी काय करत होतो, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. उठून दार लोटायला गेलो.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा यायचाय."