कापडाखालचे पाच दिवस

मी एक जुना सन्मानफलक आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. चषकांचे बरे असते. ते काचेच्या कपाटात छाती काढून बसतात आणि दर वर्षी नव्या हातांत मिरवून येतात. मी मात्र टोलगारा गावच्या फुटबॉल क्लबच्या भिंतीवर दोन खिळ्यांच्या भरवशावर लटकलेला आहे. चोपन्न वर्षे झाली, तरी दार जोरात आपटले की मी अजून दोन्ही खिळ्यांना घट्ट धरतो.

माझा जन्म साखर कारखान्याच्या सुतारखान्यात झाला. मेपलची एक रुंद फळी तासून, घासून, वर वार्निशचे पाच हात देऊन मला तयार केले. माझ्या माथ्यावर 'आजीव सभासद' अशी सोनेरी अक्षरे काढायला मर्व नावाचा एकवीस वर्षांचा रंगारी आला. ट्रकांवर, बोटींवर, दुकानांच्या काचांवर नावे काढायची हा त्याचा धंदा. थंडगार कुंचला पहिल्यांदा अंगाला लागला तेव्हा मी कुरकुरलो. मर्व हसून म्हणाला, "हलू नकोस रे बाबा. आता जन्मभर मलाच सोसायचंय तुला." ते खरे झाले. माझ्यावरचे एकेक अक्षर त्याच्याच हातचे आहे.

माझ्यावर नाव यायला गोल करावे लागत नाहीत. ज्याने तीस वर्षे पहाटे उठून मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या, ज्याने दोन्हीकडच्या शिव्या खात पंचाची शिटी सोडली नाही, अशांची ही नावे. आमच्या क्लबात दोन रीती आहेत. नवे नाव बक्षीस समारंभाच्या आठवड्यात लिहायचे, वर कापड टाकायचे, आणि ज्याचे नाव त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. समारंभात त्यानेच ते कापड ओढायचे. दुसरी रीत अशी, की आजीव सभासद वारला की त्याच्या नावापुढे वर्खाचा एक छोटा क्रूस काढायचा. मर्व त्या वेळी डोक्यावरची टोपी काढून ठेवतो.

माझ्या भीतीची यादी मोठी आहे. पहिली वाळवी. आमच्या ऊसपट्ट्यात ती घरेच्या घरे आतून पोखरते आणि वरून रंग तसाच राहतो. भिंतीत जरा कुठे कुरकुर झाली की मी जीव मुठीत धरतो. दुसरे चक्रीवादळ. एका वर्षी मार्चमध्ये क्लबचे छप्पर उडून उसात जाऊन पडले. मी वाचलो, कारण आदल्या दिवशी आमच्या क्लबातल्या असुंता बार्बागालोने मला भिंतीवरून उतरवून, गोलच्या जाळीत गुंडाळून, स्वतःच्या पलंगाखाली सरकवले होते. तीन दिवस वारा घोंघावत होता आणि वर पलंगावर असुंता मोठमोठ्याने जपमाळ ओढत होती. मला जपमाळ येत नाही, पण मीही मनातल्या मनात ओढली.

असुंता लग्न होऊन सिसिलीहून या गावात आली. तिने आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. तिचा नवरा खेळायचा, म्हणून ती मैदानावर येऊ लागली. नवरा खेळायचा थांबला, पुढे वारलाही, पण ती येतच राहिली. शनिवारी मध्यंतराला संत्र्यांच्या फोडी तिच्या, चिखलाने जड झालेले चाळीस सदरे धुणे तिचे, सामना हरलेल्या पोरांना सॉसेज वाढता वाढता शालजोडीतले देणेही तिचेच. सगळे तिला झीया म्हणतात, म्हणजे मावशी. दर गुरुवारी ती खेळाडूंच्या जुन्या मोज्याने माझी धूळ पुसते. मित्रांनो, या जगात एवढ्या एका हाताला मी भीत नाही.

इतके करून तिचे नाव माझ्यावर नव्हते. सभेत नावे सुचवायची वेळ आली की झीया आत चहाचे पाणी ठेवत असे, आणि समोर नसलेले माणूस कुणाला आठवत नसे. शेवटी यंदा क्लबची नवी अध्यक्ष ब्रुक हिच्या ते ध्यानात आले. लहानपणी तिनेही झीयाच्या हातची संत्री खाल्ली होती. सगळ्यांनी हात वर केले आणि नाव ठरले.

याच वर्षी दोन गोष्टी घडल्या होत्या. जूनमध्ये टेड गॅफनी हा जुना पंच वारला. माझ्यावरचे सगळ्यात खालचे नाव त्याचेच. ऑगस्टमध्ये झीया मैदानाच्या कडेला चक्कर येऊन पडली. शहरातल्या डॉक्टरांनी हृदय नाजूक झाल्याचे सांगितले. तिला धक्का बसेल असे काही करू नका, असेही सांगितले. झीया तशी अपशकुनाला फार भिणारी. तिच्या माहेरी सतरा हा मरणाचा आकडा, म्हणून आमच्या क्लबात सतरा नंबरचा सदराच नाही. नव्या पोरांना तो का नाही हे विचारायचीही सोय नाही.

समारंभ शनिवारी होता. सोमवारी मर्व आला आणि सगळ्यात खाली त्याने झीयाचे नाव लिहिले. अक्षरे देखणी आली. पण लिहिताना तो मान तिरकी करून, पाखरासारखा एका डोळ्याच्या कडेने बघत होता. मर्वच्या नजरेच्या मधोमध धुके साचले होते. कडेचे दिसे, समोरचे दिसत नसे. दीड वर्ष त्याने हे सगळ्यांपासून लपवले होते. माझ्यापासून लपवणे शक्य नव्हते, पण मी कुणाला सांगणार?

मंगळवारी तो टेडचा क्रूस काढायला आला. टोपी काढून ठेवली. अलीकडे तो ओळी डोळ्यांनी शोधत नसे, खालच्या चौकटीपासून बोटाने अंतर मोजत असे. दोन वर्षे खालून पहिले नाव टेडचेच होते. कालच त्याखाली आणखी एक नाव लिहिलेय, हे सवयीच्या हाताला आठवले नाही. त्याने खालचीच ओळ धरली आणि झीयाच्या नावापुढे, जिवंत, चालत्याबोलत्या झीयाच्या नावापुढे, सोन्याचा क्रूस काढला.

मी ओरडलो. पण लाकडाचे ओरडणे ते काय, एक बारीकशी कर्रर्र. उन्हाने फळी कुरकुरतेय असे समजून मर्वने मला थोपटले आणि वर कापड सोडले.

ते पाच दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. मला हातपाय नाहीत, असते तर गळाले असते. शनिवारी झीया स्वतः कापड ओढणार, साऱ्या गावादेखत आपल्याच नावापुढे मरणाची खूण बघणार, आणि तिचे ते नाजूक हृदय... पुढचे मला सुचत नसे. ज्या वाळवीच्या धाकात मी आयुष्य काढले, तिला मी कापडाखालून हाका मारल्या. ये, मला खाऊन टाक, निदान खालची ओळ तरी खा. वाळवीसुद्धा आली नाही.

शुक्रवारी दुपारी झीया एकटीच क्लबात आली. ब्रुकने तिला बजावले होते की वार्निश ओले आहे, कापडाला हात लावायचा नाही. तिने टेबले पुसली, खुर्च्या मांडल्या. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या गैरहजेरीत मला कुणी तरी वार्निश केले, हे तिला मुळीच पटलेले नव्हते. "बघू तरी काय घाण करून ठेवलीय," असे पुटपुटत तिने कापड वर केले.

आधी तिची नजर टेडच्या नावावर गेली. मग खाली. क्षणभर तिचा चेहरा असा फुलला की मीही सगळे विसरलो. आणि मग तिला क्रूस दिसला.

तिच्या ओठांचा रंग गेला. एक हात छातीवर गेला, दुसऱ्या हाताची दोन बोटे, तिच्या माहेरच्या रीतीने, अपशकुन उलटवायला आपोआप खाली वळली. ती बर्फाच्या पेटीवर मटकन बसली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, मध्येच अडकत होता. क्लबात दुसरे कुणी नव्हते. मित्रांनो, एवढा मी त्या वादळातही घाबरलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने ती उठली. जवळ आली. तिने पुन्हा टेडच्या ओळीकडे पाहिले, पुन्हा स्वतःच्या, आणि बोटाने खालून ओळी मोजल्या.

"अरे देवा, मर्व," ती हळूच म्हणाली. "परवा चहा कपाबाहेर ओतलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

ती आत गेली आणि संत्री कापायची सुरी घेऊन आली. पाते माझ्या अंगाला लागले तेव्हा मी डोळे मिटले असते, मला ते असते तर. सोने निघाले, त्याबरोबर वार्निश निघाले आणि खालचे माझे लाकूडही नखाएवढे निघाले. फार दुखले. "गप," ती म्हणाली, "त्याला कळता कामा नये. माझं काय, मी अजून उभी आहे." तिने भुसा फुंकला, कापड नीट केले आणि खुर्चीवर बसून डॉक्टरांची गोळी जिभेखाली धरली.

शनिवारी संध्याकाळी क्लब भरून गेला. ब्रुक छान बोलली. झीयाला पुढे बोलावले तेव्हा तिने आश्चर्याचे इतके वाईट नाटक केले की मागची पोरे हसू लागली. कापड सरकले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि माझा जीव भांड्यात पडला. फार वेळ तो तिथे राहिला नाही.

पहिल्या रांगेत टेडची बायको मॉरीन बसली होती. टाळ्या थांबल्यावर तिने साधाच प्रश्न केला, "आमच्या टेडचा क्रूस राहिला वाटतं?"

"राहिला कसा?" मर्व म्हणाला. "मंगळवारी काढलाय मी. या हातानं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. टेडच्या नावापुढे काहीच नव्हते. मर्व उठून आला. त्याने टेडची ओळ चाचपली. मग त्याचे बोट एक ओळ खाली घसरले आणि त्या खरवडलेल्या जागी थांबले. तिथली खाच त्याने नखाने दोनदा चाचपली.

"माझ्याकडून पुसलं गेलं," झीया घाईने म्हणाली. "धूळ झटकताना. म्हातारीचे हात, दुसरं काय."

"धूळ सुरीनं झटकतेस का, असुंता?" मर्व म्हणाला. मग तो लोकांकडे वळला. "मी हिच्या नावापुढे काढला होता. जित्या बाईच्या. मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. तुम्ही आता दुसरा माणूस शोधा."

पन्नास वर्षांची ओळख असलेला माणूस समोर असा उघडा पडलेला बघायचे धैर्य कुणात नव्हते. मर्व टोपी शोधू लागला. तो दाराकडे गेला तर परत कधी यायचा नाही, हे मला समजत होते. माझे पाचही दिवसांचे भय त्या एका क्षणात गोळा झाले.

"ब्रुक," झीया म्हणाली, "या फळीवर तेवीस नावं आहेत. मर्वचं कुठेय?"

ब्रुक माझ्यावरची नावे वरून खाली वाचत गेली. मग बाकीचेही वाचू लागले. मर्व खेळाडू नाही, पंच नाही, समितीत नाही. नावे लिहिणाऱ्याचे नाव लिहावे हे चोपन्न वर्षांत कुणाच्या डोक्यात आले नव्हते. मित्रांनो, माझ्याही आले नव्हते, आणि मी तर दुसरे काही करतच नाही. ब्रुकने तिथेच विचारले आणि आधी मॉरीनचा हात वर गेला. मग सगळ्यांचे.

"मी माझं नाव लिहिणार नाही," मर्व म्हणाला. "आणि मला दिसतही नाही."

"मला दिसतं, पण कुंचल्यानं लिहिता येत नाही," झीया म्हणाली. "आण तो रंगाचा डबा."

तिने कुंचला धरला आणि त्याने तिचे मनगट धरले. डोळे तिचे, हात त्याचा. ती सांगे, "जरा डावीकडे, आता थांब, पुरे," आणि तो जुना हात तिच्या हाताला वळणे शिकवत जाई. वर्खाला वेळ लागतो, म्हणून पिवळ्या रंगावरच भागवले. आधी त्यांनी टेडचा क्रूस काढला. मग सगळ्यात खाली मर्वचे नाव लिहिले. अक्षरे वेडीवाकडी आली, रंग जाड बसला, एक थेंब ओघळून चौकटीवर गेला. माझ्यावरचे सगळ्यात गचाळ नाव ते आहे, आणि त्याला कुणी बोट जरी लावायला आले तर मी भीती विसरून अंगावर पडेन.

मित्रांनो, मी अजूनही भितोच. कुणी कुंचला घेऊन समोर आले की कुणाच्या नावापुढे क्रूस काढणार या विचाराने धाबे दणाणते. झीया पुढच्या मोसमाची संत्री कापतेय, मर्व दर गुरुवारी येऊन मान तिरकी करून आपले नाव वाचतो. तुमच्याही मैदानाच्या कडेला कुणी रेषा मारत असेल, कुणी सदरे धूत असेल, कुणी दुसऱ्यांचीच नावे लिहीत बसले असेल. त्यांची नावे लिहा आणि लवकर लिहा. त्यांना ती वाचता यायला हवीत. गेल्या गुरुवारी मर्व आला, तेव्हा त्याने मान तिरकी केली नाही. डोळे मिटून, त्या जाड रंगावरून बोट फिरवत, त्याने एकेक अक्षर वाचले.