चिठ्ठी न पेललेला फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. पांढरा हे आपलं म्हणायचं. नंदुरबारजवळच्या मिरचीच्या कंपनीत दोन वर्षं काढल्यावर मी विटकरी झालो आहे. माझ्या अंगावर एकच चिठ्ठी उरली आहे. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं आयुष्य सांगता येणार नाही.

मला इथे आणलं रोहिणीताईंनी. त्या मूळच्या लोणखेड्याच्या, पुण्यात शिकलेल्या. कंपनीला ‘अजाईल’ करायला, म्हणजे कामात चपळपणा आणायला, मालक नवनीतशेठनी त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. चक्कीची खोली आणि पाकिटं भरायची खोली यांच्या मधल्या भिंतीवर त्यांनी मला टांगलं आणि माझे तीन भाग केले: करायचं, चालू, झालं. एका कोपऱ्यात ‘अडथळे’. तिथे लाल चिठ्ठी लावायची, कुणीही. आणि रोज सकाळी सगळ्यांनी माझ्यासमोर उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं.

“आते बसानीबी बंदी का, ताई?” पाकिटं भरणाऱ्या सरलाबाई म्हणाल्या. “मन्ही मिरची इतला वरीस फळाबिगर वाळनी ना?”

सगळ्या बाया हसल्या. रोहिणीताईही हसल्या. पण महिन्याभरात त्याच सरलाबाई सकाळी सर्वांत आधी माझ्यापुढे उभ्या राहू लागल्या. पूर्वी लेबलं संपली तर ती बातमी शेठपर्यंत पोचायला दोन दिवस लागत. आता दुपारच्या आत लेबलं येत. ‘झालं’ खाली चिठ्ठ्यांची गर्दी होई. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मला ते आवडत असे, खोटं कशाला बोलू?

पण मला सर्वांत आवडल्या त्या कमलीबाई. त्या तोरणमाळकडच्या. बाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, मिरची पसरायच्या, उरलेल्या वेळी चक्कीची खोली झाडायच्या. त्यांचा मुलगा दिनेश चक्कीत मिरची ओतायचा. कमलीबाईंना लिहिता येत नव्हतं. “मग चित्र काढा, मावशी,” रोहिणीताई म्हणाल्या. कमलीबाईंनी लाल चिठ्ठीवर एक मडकं काढलं. पथारीवर प्यायला पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथे मडकं आलं.

कमलीबाई माझ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी माझ्या कडेवर हळूच हात ठेवला. एवढ्या विश्वासाने मला त्याआधी कुणी हात लावला नव्हता.

तीन महिने संपले. रोहिणीताई गेल्या. उभं राहणं तेवढं उरलं, बोलणं आटलं. मुकादम योगेंद्रभाऊ रोज सकाळी माझा फोटो काढून शेठच्या मोबाइलवर पाठवत आणि खाली लिहीत, ‘अडथळे शून्य.’ शेठना शून्य फार आवडायचं. वरून शेठनी नियम केला: जे फळ्यावर नाही ते तोंडी आणू नका, वेळ जातो.

आणखी एक गोष्ट झाली, जी कुणाच्या लक्षात आली नाही. रोहिणीताई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. त्या गेल्यावर ते फडकंही गेलं. मिरचीची भुकटी किती बारीक असते ते तुमच्या नाकाला विचारा. ती माझ्यावर बसत गेली. चिठ्ठ्यांचा गोंद धरेना. नव्या चिठ्ठ्या तासाभरात मान टाकू लागल्या.

अशातच एका सकाळी झाडताना कमलीबाईंना चक्कीच्या पट्ट्यावरचं लोखंडी झाकण हलताना दिसलं. दोन नट पडून गेले होते.

“भाऊ, ते झाकण हालते. पोराचा हात तिथंच राहतो.”

“फळावर लाव ना, मावशी. नियम शे ना आते.” योगेंद्रभाऊंनी फोनमधून मान वर केली नाही.

त्यांनी चित्र काढलं. एक चाक, एक पट्टा, आणि बाजूला पाच बोटांचा हात. ‘अडथळे’ खाली ती चिठ्ठी चारदा दाबून बसवली. मग चक्कीच्या दारातून दिनेशला ओरडून सांगितलं, “लावलंय रे! उद्या होऊन जाईल.”

मडकं आलं होतं ना? मग झाकणही येणार. दिनेश निश्चिंत मनाने कामाला लागला.

मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, मित्रांनो. पण फळ्याला बोटं नसतात. दुपारी ती चिठ्ठी सुटली, जमिनीवर पालथी पडली आणि संध्याकाळी दुसऱ्याच कुणाच्या झाडूत गेली. दुसऱ्या सकाळी योगेंद्रभाऊंनी माझा फोटो काढला. कालचं बोलणं त्यांना आठवलं असावं, कारण फोटो काढताना ते कोपऱ्याकडे क्षणभर बघत राहिले. कोपरा रिकामा होता. त्यांनी लिहिलं, ‘अडथळे शून्य.’

त्याच दिवशी अकरा वाजता झाकण निसटलं. दिनेशची बाही पट्ट्यात गेली. उजवा हात मनगटापासून गेला.

झाकण त्याच संध्याकाळी बसवलं. नट आवळायला वीस मिनिटं लागली.

बातमी ऐकून रोहिणीताई आल्या. त्यांनी माझ्यावरून एक बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्या म्हणाल्या, “सगळं शिकवलं मी. पुसायचं तेवढं सांगायचं राहिलं.” योगेंद्रभाऊ म्हणाले, “ताई, तिने मला तोंडी सांगेल व्हतं.”

आठ दिवसांनी कमलीबाई आल्या, हातात वाटी. वाटीत ज्वारीच्या पिठाची शिजवलेली खळ होती. त्यांनी तेच चित्र पुन्हा काढलं. चाक, पट्टा, हात. या वेळी हाताला बोटं काढली नाहीत. कागदाला खळ फासली आणि तळहाताने तो माझ्यावर चोळून चोळून बसवला. योगेंद्रभाऊ बाजूला उभे होते. त्यांनी अडवलं नाही.

“आता नाही पडणार,” कमलीबाई म्हणाल्या. वाटी धुतली आणि गेल्या. पुन्हा कामाला आल्या नाहीत.

आता माझ्या जागी नवा, चकचकीत फळा आहे. मी गोदामात पोत्यांमागे उभा आहे. मित्रांनो, तुमच्याही शाळेत, घरात असा एखादा फळा असेल. त्याला रोज पुसा. खाली पडलेला कागद केरात टाकण्याआधी उलटून बघा. आणि समोर माणूस उभा राहून सांगत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवू नका. उठा आणि जाऊन बघा.

मला भंगारात द्यायचं ठरलं आहे, असं कानावर आलं. द्या. फक्त ती चिठ्ठी खरवडू नका. ती एक तरी मला धरता आली.