पहिल्या नवऱ्याचा बोर्ड

सकाळी सव्वाआठ वाजता वॉशिंग मशीनमधून कपडे काढताना तिला शॉक बसला. हात कोपरापर्यंत झिणझिणला, बादली उलटली. बाकी काही झालं नाही. नवरा अर्ध्या दाढीनिशी धावत आला. त्याने तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "आता तरी तो बोर्ड काढ."

विजेचा हा बोर्ड बाहेरच्या दाराच्या वर, सागवानी फळीवर होता. तिचा पहिला नवरा वायरमन होता. त्याने तो स्वतः बसवलेला. चिनीमातीचे फ्यूज एका रांगेत आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगात सुबक अक्षरं: हॉल, मोरी, माळा. शेवटच्या फ्यूजखाली 'हिचं शिलाई मशीन'.

तो वारल्यावर काही वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं. हा नवरा तिच्याच घरात राहायला आला. त्याने पडदे बदलले, नळ बदलले, पलंगाची दिशासुद्धा बदलली. बोर्डाचा विषय निघाला की ती म्हणायची, "चालतोय ना? मग कशाला?" दर रविवारी ती फळी कोरड्या फडक्याने पुसायची. या नवऱ्याच्या शर्टाचं बटण मात्र आठवडा आठवडा तुटलेलंच राहायचं.

आज त्याला वाटलं, सुटलो. पण वायरमनला फोन तिने केला. आलेला माणूस पहिल्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला होता, हे याला दारातच कळलं.

"वहिनी, उस्तादांचा हात बघा! एक वायर वाकडी नाही."

"कौतुक करायला बोलावलंय का तुम्हाला?" नवरा म्हणाला.

"काम सांगतो की साहेब. बदलावाच लागेल. तेव्हा घरात दोन पंखे आणि इस्त्री होती. आता गिझर, एसी, मशीन. अर्थिंग सडलंय. शॉक लागताक्षणी करंट तोडणारा स्विच यात नाहीच." त्याने मेन स्विच खाली ओढून वीज बंद केली. "असा मी चालू ठेवणार नाही."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस?"

ती फळीकडे बघत होती. "ते असते तर काय केलं असतं?"

"उस्ताद? केव्हाच उपटून टाकला असता."

"मग काढा. आजच काढा."

नवऱ्याने त्यातलं 'ते' ऐकलं होतं. याला ती 'तू' म्हणायची. पहिला अजून 'ते' होता.

"म्हणजे मी इतकी वर्षं सांगत होतो, तेव्हा मी येडा होतो?"

"तू बोर्डासाठी कुठे सांगत होतास? तुला बोर्ड नको होता की ते, एवढं कळतं मला."

वायरमन पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागला.

"राहू दे मग," नवरा म्हणाला. "उस्तादांचे चेले नकोत मला. मी दुसरा माणूस आणतो."

"कधी?"

"येईल तेव्हा येईल."

"आणि तोवर मशीनला हात मी लावायचा?"

घर माझं आहे, हे तिने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आताही ओठांवर आलेलं तिने गिळलं. ते त्याला दिसलं.

"तुमचं ठरलं की हाक मारा," म्हणून वायरमन बाहेर गेला.

दुपारी एक वाजता मेन स्विच खालीच होता. वायरमन जिन्यात डबा खात होता. आत दोघं दोन खोल्यांत बसली होती, आणि हाक अजून कुणी मारलेली नव्हती.