उष्णतेची वाट

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि माझा एक कोपरा वितळून वाकडा झालेला आहे. त्या दुपारचा धक्का माझ्यातून अजून गेलेला नाही. तरीही सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ता या क्षणी माझ्यासारख्या एखाद्याला उशीवर ठेवून बसला असेल.

माझी उमेदीची वर्षं बेळगावात एका वकिलांच्या कचेरीत गेली. तिथे मी टेबलावर असायचो. डोक्यावर पंखा, खाली गार काच. "हा कधी दगा देत नाही," असं वकीलसाहेब पक्षकारांना सांगायचे, तेव्हा मला अभिमान वाटायचा. मग नवा आला आणि मी कपाटात गेलो. तिथून मला रामनगरच्या शिवानंदांनी आणलं, धाकट्या लेकीसाठी. तिचं नाव मयूरी. ती दांडेलीला डिप्लोमा करत होती.

अभ्यास झाला की मयूरी एक खेळ खेळायची. ओसाड ग्रहावर उतरायचं, खाणी खोदायच्या, कारखाने उभारायचे, ते चालवायला वीज तयार करायची. मोठाले किडे कारखान्यावर चाल करून येत, आणि त्यांना अडवणाऱ्या तोफाही विजेवरच चालत. वीज गेली की सगळं गेलं.

कोळसा पुरेना, म्हणून मयूरीने अणुभट्ट्या बांधल्या. भट्टी स्वतः वीज देत नाही, ती फक्त तापते. ती उष्णता जाड नळ्यांतून वाफ करणाऱ्या यंत्रांपर्यंत न्यायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचे. यंत्रांना पाणी लागतं, म्हणून मयूरीने ती लांब तळ्याकाठी मांडली आणि भट्टीपासून तिथवर नळ्यांची रांग ओढली. भट्ट्या लालबुंद झाल्या. तळ्याकाठची यंत्रं मात्र थंडगार! उष्णता वाटेतच विरत होती. बघता बघता कारखाना अंधारला, तोफा मुक्या झाल्या, आणि किड्यांनी भिंत फोडली. मयूरी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"अक्का, एवढी आग पेटवली, पण पोचंना कुठंच," ती म्हणाली.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण मनीषा. ती खानापूरहून बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला मांडीवर थोपटत ती हसली. "पाणी चुलीपाशी आणत्यात. चूल कोण हिरीवर नेतंय व्हय?"

मयूरी तिच्याकडे बघतच राहिली. मग मयूरीने सगळं मोडलं, यंत्रं भट्ट्यांना खेटून मांडली आणि तळ्याचं पाणी पाइपने तिथे आणलं. टर्बाइन फिरले. तिचा आनंद मला कळफलकावरच्या बोटांतून कळत होता.

मग तिने आणखी भट्ट्या जोडल्या. खेळ जसा वाढला तसा माझ्यावरचा भारही वाढला. माझा पंखा घरघरू लागला.

त्या दुपारी मनीषा मागच्या दारी न्हायला गेली होती. बाळ गादीवर झोपलं होतं आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायला मयूरी शेजारी बसली होती. माझ्या घरघरीने बाळ चाळवलं, कण्हलं. मयूरीने मला उचलून गादीवर घेतलं आणि माझ्या भोवती गोधडी घट्ट खोचली. आवाज दबला. बाळ शांत झालं. तिच्या मनात केवढी माया होती, मित्रांनो!

एवढ्यात शेतातून आईची हाक आली, "मयू, म्हस भातात शिरली, धाव गं!" मयूरी तशीच उठून पळाली. मी चालूच होतो, चार्जरची वायरही लावलेली.

माझ्या पडद्यावर भट्ट्या सुरळीत चालल्या होत्या. माझ्या पोटातल्या उष्णतेला मात्र कुठेच वाट नव्हती. पंखा फिरे, तीच गरम हवा परत आत घेई. शेवटी मी आपोआप बंद पडलो. वाटलं, सुटलो. पण बॅटरी तोवर फुगली होती आणि बंद पडल्यावरही तापतच राहिली. गोधडीचा काठ पिवळा पडला, मग काळा. धूर निघाला. बाळाची मूठ माझ्यापासून वीतभर दूर होती, आणि मला हाक मारता येत नव्हती.

मनीषा ओल्या केसांनी आत आली. वास आला तशी ती थबकली. मग तिने आधी बाळ उचललं आणि लाथेने मला जमिनीवर ढकललं. माझी बिजागरी तुटली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. गोधडी पेटली तेव्हा तिने मागच्या दारची बादली आणून पाणी तिच्यावर ओतलं.

मयूरी चिखलाच्या पायांनी दारात आली. खोलीत धूर, गादीत हातभर काळं भोक. बाळाला काही झालं नव्हतं. कुणी तिला रागावलं नाही. मनीषा एवढंच म्हणाली, "मी अजून थोडी न्हात बसले असते तर गं?" मयूरी भिंतीपाशी खाली बसली.

शिवानंदांनी मला घमेल्यात वाळूवर ठेवून अंगणात नेलं. "ही ब्याद घरात नको," ते म्हणाले.

पुष्कळ दिवस मयूरी माझ्याकडे फिरकली नाही. मग एका सकाळी तिने अंगणातच मला उघडलं. माझी फुगलेली बॅटरी रामनगरच्या दुरुस्तीवाल्याने आधीच काढून नेली होती. माझ्या जाळीपाशी कापसाचा आणि धुळीचा बोळा साचला होता. त्याच्या मागे चिपपासून पंख्यापर्यंत गेलेली तांब्याची चपटी नळी दिसली, तसा तिचा हात थांबला.

"अक्का," ती हळू म्हणाली, "ह्याच्या पोटातबी तीच नळी हाय. उष्णता कशी न्यायची ते मी त्या खेळात शिकत बसले, आणि हिथं तिची वाट मीच बुजवली."

मनीषा बाळाला घेऊन तिच्याजवळ बसली. "आता साफ कर ती," ती म्हणाली.

आता मी बॅटरीशिवाय, वायरवर, पाटावर चालतो. मयूरी तास-तासाने माझ्या कुशीला हात लावून बघते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आम्हाला गादीवर, गोधडीत ठेवू नका, झोपलेल्या लेकराजवळ तर मुळीच नाही. आमच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. आम्ही तापतो ते मुकाट्याने, म्हणून हात लावून बघायचं काम तुमचं.