चंदनानं फक्त मान हलवायची

विद्यापीठानं दिव्यांग सहाय्य केंद्र सुरू केलं आणि ते दुसऱ्या मजल्यावर सुरू केलं. लिफ्ट मंजूर झाली होती, पण ती अजून कागदावरच वर-खाली करत होती. जिना चढून गेलं, मोडक्या बाकांची रास ओलांडली, की केंद्राचा दरवाजा. दरवाजावर ब्रेलमधली पाटी. खास पुण्याहून करून आणलेली, महागातली. हात लागून खराब व्हायला नको म्हणून ती काचेच्या चौकटीत बसवली होती.

उद्घाटनाच्या दिवशी चंदना मगदूमनं त्या पाटीवरून बोटं फिरवली. गुळगुळीत काच लागली.

"छान आहे ना?" प्राध्यापक उदयसिंह सरनोबत तिच्या कानाशी ओरडले. सर केंद्राचे समन्वयक. माणूस प्रेमळ. फक्त ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही कमी येत असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"गार आहे सर," चंदना म्हणाली.

फीत तिच्याच हस्ते कापली. म्हणजे कात्री तिच्या हातात, तिचा हात सरांच्या हातात आणि सरांचं तोंड फोटोग्राफरकडे. मग सरांनी तिच्या मैत्रिणीला, ओवीला विचारलं, "हिला चहा चालतो का?"

"तिलाच विचारा की सर," ओवी म्हणाली. "ती मराठीच बोलते."

चंदना पलूसची. घरची द्राक्षबाग. सातवीत असताना तिची नजर हळूहळू गेली, तसे तिचे वडील नेमिनाथअण्णा तिला घेऊन मिरजेपासून हैदराबादपर्यंत फिरले, आणि शेवटी फिरणं थांबवून त्यांनी तिला ब्रेल शिकायला घातलं. बी.ए. तिनं साताऱ्याला गुणमाला आत्याकडे राहून केलं. त्या कॉलेजात केंद्र नव्हतं, समन्वयक नव्हता, पाटीही नव्हती. त्यामुळे कामं होत असत. ग्रंथालयातून पुस्तक मिळे, वर्गातल्या पोरी आळीपाळीनं वाचून रेकॉर्ड करत, परीक्षा जवळ आली की चंदना ती रेकॉर्डिंग दुप्पट वेगानं ऐके. एम.ए.ला तिला सांगलीत प्रवेश मिळाला तेव्हा अण्णा म्हणाले होते, "आता लय मोठ्या ठिकाणी चाललीयास बाई. तितं समदी सोय आसंल."

सोय होतीच. चंदनाला हवी होती इतिहासाची काही संदर्भ पुस्तकं, तिचा लॅपटॉप बोलून वाचू शकेल अशा स्वरूपात. पडद्यावर अक्षरं असतील तर तिचा लॅपटॉप ती मोठ्यानं वाचून दाखवतो. तिनं तसा अर्ज केला. सरांनी तो फार मनावर घेतला. दिवाळीनंतर फाइल आल्या. वसतिगृहाच्या खोलीत ओवीला शेजारी बसवून चंदनानं मोठ्या उत्साहानं पहिली फाइल उघडली.

"चित्र," लॅपटॉप म्हणाला. "चित्र. चित्र. चित्र."

कुणीतरी प्रत्येक पानाचे फोटो काढून एकामागून एक चिकटवले होते. त्यात अक्षर म्हणून एकही नव्हतं.

"सचित्र इतिहास दिसतोय," ओवी म्हणाली.

चंदना सरांकडे गेली. सरांनी फाइल आपल्या पडद्यावर उघडली, बारकाईनं पाहिली. "अगं, किती स्वच्छ दिसतंय सगळं!"

"तुम्हाला दिसतंय सर."

"चंदना," सर मायेनं म्हणाले, "इतकं नकारात्मक होऊ नये."

तिच्यातली नकारात्मकता जावी म्हणूनच की काय, पुढच्या महिन्यात केंद्रानं संवेदना कार्यशाळा घेतली. डोळसांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधून त्यांना आवारात फिरवलं. बऱ्याच जणी रडल्या, एक प्राध्यापक कुंडीत पडले, आणि सगळ्यांना अंधांचं दुःख कळल्याबद्दल वडापाव मिळाला. चंदनालाही सहभागाचं प्रमाणपत्र दिलं. ते अर्थातच गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं.

पुस्तकं मात्र चित्रंच राहिली.

मग मूल्यांकन समिती येणार असं ठरलं, आणि आवाराला जाग आली. झाडांना चुना लागला. ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ झटकल्यामुळे दोन लिपिकांना दमा झाला. सरनोबत सरांनी चंदनाला बोलावून घेतलं.

"समिती केंद्र बघायला वर येणार. तू या संगणकावर बसायचं. हेडफोन लावायचे. पडद्यावर धडा उघडलेला असेल. तू ऐकतीयेस असं."

"कसं ऐकणार सर? यावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरच नाही."

"होतं. चाचणीची मुदत संपली. नवीन खरेदीचा प्रस्ताव गेलाय वर."

"फुकट मिळतं सर ते. माझ्या लॅपटॉपवर तेच आहे. आत्ता घालून देऊ?"

"फुकट घेतलं तर खरेदी काय दाखवायची?" सर म्हणाले. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "हे बघ, तू फक्त मान हलवायची. अधूनमधून. समजतंय असं."

शिवाय सरांनी तिच्यासाठी एक काळा चष्मा आणून ठेवला होता.

"मला चष्मा लागत नाही सर."

"अगं, समितीला ओळखू यायला नको का?"

"मी नाव सांगेन की."

चष्मा तिनं घातला नाही, पण मान हलवायला नाही म्हणणं जमलं नाही. परीक्षेला तिच्यासाठी पेपर लिहिणारी लेखनिक मिळायची होती, आणि त्या परवानगीवर सही सरांची होती. संध्याकाळी तिनं घरी फोन लावला.

"मान हलवायची म्हंत्यात न्हवं? हलीव की," अण्णा म्हणाले. "कशाला वाकड्यात शिरायचं? आपल्याला शिकायचं हाय."

"व्हय," ती म्हणाली. "पर अण्णा, त्यात आवाजच न्हाई."

"तुजं तू बग बाई," अण्णा म्हणाले. "मी म्हंतो म्हणून करू नगं आन् मी म्हंतो म्हणून सोडू बी नगं."

म्हणजे ठरवायचं तिचं तिलाच राहिलं.

समितीच्या दिवशी केंद्रात सुगंधी फवारा मारला होता. चंदना हेडफोन लावून बसली, ओवी शेजारी उभी राहिली. त्यांची वायर मागे कुठं जोडलीच नव्हती, हे तिनं आधीच चाचपून पाहिलं होतं. जिन्यावर बूट वाजले, धापा टाकल्याचे आवाज आले. लिफ्टअभावी समितीही चढूनच आली होती. चंदनानं मान हलवायला सुरुवात केली. एक ओळ ऐकल्यासारखी थांबून, मग पुन्हा. ते इतकं झकास जमत होतं, की तिची तिलाच लाज वाटली. वर्षभर आपण बहुतेक हेच करत आलोय, असं तिच्या मनात आलं. आधी फीत कापली, मग वडापाव खाल्ला, आणि आता ही मान.

"काय ऐकतेस बाळ?" कुणी बाई विचारत होत्या. त्यांनी ओवीला विचारलं नव्हतं, थेट तिलाच विचारलं होतं, तेही साध्या आवाजात.

चंदनानं तोंड उघडायच्या आतच सर मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, तिला इतिहासाची भयंकर आवड! मराठा कालखंडाचं प्रकरण ऐकतीये. आमच्या केंद्रामुळं तिच्या जीवनात प्रकाश आला असं ती नेहमी म्हणते."

मान हलवून तिनं निभावूनही नेलं असतं. पण आपण न बोललेलं वाक्य आपल्या तोंडी घातलं गेलंय, हे तिला झेपेना. तिनं हेडफोन काढून गळ्यात घेतले.

"काही ऐकत नाही मॅडम. यात आवाज नाही. मान हलवायला सांगितलंय म्हणून हलवत होते."

सर हसले. "विनोदी आहे मुलगी! अतिशय विनोदी!"

"द्या बघू," बाई म्हणाल्या. त्या राजेश्वरीबाई, कुठल्याशा कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या, समितीच्या अध्यक्ष. त्यांनी हेडफोन कानाला लावले, थोडा वेळ लावून ठेवले आणि खाली ठेवले. "खरंच की हो. फार शांत प्रकरण आहे."

एवढं बोलून बसल्यावर अर्ध्यात थांबण्यात अर्थ नव्हता. तिनं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, सरांनी दिलेली फाइल उघडली आणि आवाज पूर्ण वाढवला.

"चित्र. चित्र. चित्र," लॅपटॉप ठणठणीत आवाजात सांगू लागला. समितीतले एक गृहस्थ खोकले. सर म्हणाले, "तांत्रिक अडचण." लॅपटॉप म्हणाला, "चित्र."

त्या दिवशी चंदना वसतिगृहात आली आणि तिनं सामान आवरायलाच घेतलं. ओवीनं तिच्या हातातून कपडे काढून घेतले. "कुठं निघालीस?"

"काढतीलच की मला."

"काढू देत. आधी जेव."

तिला काढलं नाही. उलट झालं ते ऐकून दोघी दिवसभर हसत होत्या. समितीच्या अहवालात लिफ्ट आणि पुस्तकांबद्दल ताशेरे होते, पण एक वाक्य असंही होतं, की या विद्यापीठात विद्यार्थी निर्भयपणे मत मांडू शकतात. विद्यापीठानं ताशेरे वगळून ते वाक्य फलकावर छापलं आणि फाटकावर लावलं. शेजारी चंदनाचा फोटो, कात्रीवाला.

सरनोबत सर स्वतः वर्गात आले. चेहऱ्यावर, ओवीच्या सांगण्याप्रमाणे, लग्नघरचा आनंद. "चंदना, तुझा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ. कुलगुरू येतायत."

"सत्कार नको सर. केंद्राची किल्ली द्या. एरवी ते कुलपातच असतं."

"किल्ली? ती तर शिपायाकडं असते. तो रजेवर आहे."

"तो आल्यावर द्या. आणि लेखनिकाच्या कागदावर सही आत्ता द्या. मग शाल घेते."

सरांनी जरा विचार केला. कुलगुरूंची तारीख ठरलेली होती. त्यांनी सही केली. किल्लीही आठवडाभरात आली.

केंद्रात कपाटामागं एक स्कॅनर होता, खोक्यातून न काढलेला. ओवीनं तो लावला. वर्गातली रूपाली आणि आणखी दोघी-तिघी तास सुटल्यावर वर येऊ लागल्या. एकीनं पानं उलटायची, दुसरीनं स्कॅन करायची, संगणकानं फोटोंची अक्षरं करायची आणि चंदनानं ऐकून चुका सांगायच्या. संगणकानं "गनिमी कावा" चा "गनिमी चहा" केला होता, तो तसाच ठेवावा असा रूपालीचा फार आग्रह होता. फुकटचं सॉफ्टवेअर चंदनानं विचारल्याशिवायच सगळ्या संगणकांवर घातलं. खरेदीचा प्रस्ताव अजून वरच आहे.

परीक्षा झाली. चंदना वर्गात दुसरी आली. पहिली ओवी आली, आणि पुस्तकं स्कॅन करता करता आपलाही अभ्यास झाला, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

सर आता साताऱ्यापासून शिरवळपर्यंत जिथं बोलावतील तिथं जाऊन केंद्राच्या यशावर व्याख्यान देतात. साताऱ्याच्या व्याख्यानाला गुणमाला आत्या मुद्दाम जाऊन बसली होती. तिनं रात्री फोन केला. "अगं, ते स्कॅनरचं त्यांनीच केलं म्हणत होते. मी उठून बोलणार होते, पण शेजारच्या बाई ओळखीच्या निघाल्या."

चंदनाला वाटलं होतं तितका राग आला नाही. आला, पण तिला दुसऱ्या दिवशी दोन प्रकरणं संपवायची होती.

जूनमध्ये कडेगावहून अरिहंत नावाचा एक मुलगा पहिल्या वर्षाला आला. त्याला थोडं थोडं दिसत होतं, जिन्याच्या कडा मात्र दिसत नव्हत्या. वर येईपर्यंत त्याचा गुडघा फुटला होता. चंदनानं त्याला खुर्ची दाखवली, पाणी दिलं.

"ताई," त्यानं विचारलं, "हितं आपल्यासाटी सोयी हायत का?"

"लय हायत," चंदना म्हणाली. "त्यातल्या वापरायच्या कुठल्या, ते सांगते. बस."