सुईवाल्यांची सूज

अख्ख्या वस्तीत रक्त काढायला सुईवाल्यांसारखा हलका हात कुणाचा नव्हता. स्वतःचं रक्त काढताना मात्र त्यांची दोनदा शीर चुकली. लॅब उघडायला अर्धा तास होता. दाराला आतून कडी होती आणि दंडाचा रबरी पट्टा त्यांनी दातांनी आवळला होता. नळीवर त्यांनी खोटा नंबर चिकटवला आणि ती मशीनमध्ये ठेवली.

कारण लाजेचं होतं, म्हणून ते कुणाला सांगितलं नव्हतं. आठ महिने झाले, बायकोजवळ गेले की शरीर ऐन वेळी दगा द्यायचं. पहिल्यांदा ती म्हणाली, "दमला असाल." दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. पुढे तिने काही म्हणायचंच सोडून दिलं, आणि ते त्यांना जास्त लागलं. वय सत्तेचाळीस, पोट जरा सुटलेलं, दात घासताना हिरड्यांतून रक्त, बाकी गडी ठणठणीत. निदान असं ते स्वतःला बजावत.

मशीनने आकडा दिला. तपासणी अंगातली सूज मोजणारी. आकडा तीनच्या आत हवा, आला अकरा. माणसाचा स्वभाव बघा, सुईवाल्यांनी आधी मशीनला शिव्या घातल्या. मग ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो तो नेहमीचा नमुना लावून बघितला. तो अगदी बरोबर आला.

दहा वाजता डॉक्टरीणबाई रिपोर्टांवर सह्या करायला बसल्या आणि त्यांची नजर त्याच कागदावर अडली.

"हा कोण पेशंट?"

"आहे एक. ओळखीचा."

"ताप, सर्दी, कुठे जखम?"

"नाही. हिरड्या सुजतात म्हणे. आणि..." सुईवाले खिडकीकडे बघू लागले. "बायकोजवळ जमत नाही म्हणतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हे हसण्यावारी नेऊ नका. सूज आतून रक्तवाहिन्यांना लागलेली असू शकते. तिथल्या वाहिन्या बारीक, म्हणून त्या आधी कुरकुरतात. हृदयाच्या त्याहून मोठ्या, त्यांची पाळी दोन-तीन वर्षांनी येते. कधी आधीही. त्याला म्हणावं, लगेच हृदयाच्या डॉक्टरांना दाखव. तुम्ही स्वतः कळवा."

असा आकडा आला की पेशंटला कळवायचं आणि रजिस्टरमध्ये तसं लिहायचं, हा लॅबचा नियम सुईवाल्यांनीच घालून दिलेला. त्यांनी खोट्या नंबरापुढे सुवाच्य अक्षरात 'कळवलं' असं लिहिलं, सही ठोकली, आणि खरोखरच त्यांना हायसं वाटलं. रजिस्टर पुरं झालं की त्यांच्या लेखी काम हातावेगळं झालं.

हृदयाच्या डॉक्टरांकडे ते गेले नाहीत. चार वस्त्या ओलांडून औषधाच्या दुकानात गेले आणि मान खाली घालून ताकदीच्या गोळ्या घेऊन आले.

गोळीने काम चोख केलं. बायको भांडी घासताना गुणगुणू लागली, जेवताना त्यांची थट्टा करू लागली. सुईवाल्यांना आकड्याचा विसर पडला. या माणसाचा राग येतो, पण त्या तीन आठवड्यांतलं दोघांचं सुख खोटं होतं, असं काही म्हणवत नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी, गोळी घेऊन तास झाला असेल, त्यांच्या छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. अंग घामाने निथळलं. बायकोने फोन केला, ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या नर्सने तळहातावर एक बारीक गोळी काढली.

"ही जिभेखाली ठेवायची. पण आधी खरं सांगा, एक-दोन दिवसांत ताकदीची गोळी वगैरे घेतलीय? घेतली असेल तर ही देता येत नाही. बीपी एकदम कोसळतं, माणूस हाती लागत नाही."

सुईवाल्यांना प्रत्येक शब्द कळला. त्यांच्या आधी बायकोच बोलली. ती रडत होती, तरी तिच्या आवाजात अभिमान होता.

"छे हो! यांना कसली गरज?"

नर्सने त्यांच्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसली होती.

"नाही ना घेतली?" नर्सने विचारलं.

त्यांनी मान हलवली, आणि जीभ वर केली.